उद्यावाल्यांची राहून गेलेली टेस्ट

आमच्या ह्यांना बाजारात कुणी नावाने हाक मारत नाही. 'उद्यावाले' म्हणतात. जिन्याखाली कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, एवढंसं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. गिऱ्हाईक सकाळी यंत्र टाकून जायचं आणि संध्याकाळी न्यायला आलं की हे मान वर न करता म्हणायचे, "झालंय. पण उद्या न्या." का, तर टेस्ट चालू आहे. रॅमला हात लागला की ते यंत्र पूर्ण एक दिवस टेस्टवर राहणार म्हणजे राहणार. मग गिऱ्हाईक रडो, ओरडो, नाहीतर दुसऱ्या दुकानात जावो. बरेचजण जायचेही.

रॅम म्हणजे काय ते लग्नानंतर ह्यांनीच मला समजावलं होतं. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी असते. कम्प्युटर जे काम करत असतो ते तेवढ्यापुरतं तिच्यावर पसरून ठेवतो, मी काउंटरवर कपडे पसरते तसं. काउंटर अपुरं पडलं की कामाचा खोळंबा. मग आणखी एक पट्टी लावायची. पण दुसरी पट्टी पहिलीच्या जोडीचीच हवी, ह्याबद्दल हे भारी कडक. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची पट्टी शेजारी बसवली तर बहुतेक वेळा चालून जातं. कधीकधी मात्र नुसतं चालल्यासारखं दिसतं आणि आत कुठेतरी एखादा आकडा बदलतो, कुणाला पत्ता लागत नाही. दोन माणसांनी कपाट उचलून जिना उतरायचा आणि एकाची ढांग लांब, दुसऱ्याची आखूड, असं हे सांगायचे. पहिले दहा जिने उतरतील हो नीट. अकराव्याला कपाट कुणाच्या तरी पायावर.

मी लाँड्रीत काउंटरला आहे. आमच्याकडे दिलेली वेळ म्हणजे वेळ. सहाला द्यायचा कोट सहाला हँगरवर दिसला पाहिजे, नाहीतर समोरचा माणूस माझ्या सात पिढ्या काढतो. त्यामुळे ह्यांचं ते 'उद्या' ऐकलं की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. सत्तावीस वर्षं टोमणे मारले मी त्यावरून. तुमच्या हातात असतं तर सूर्यालासुद्धा एक दिवस टेस्टवर ठेवून मग उगवू दिलं असतंत, म्हणायची मी. हे हसायचे. का ठेवता एवढा वेळ, असं काही मी कधी विचारलं नाही. माणूस चिकट आहे, एवढं उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

गेल्या वर्षी ह्यांचा घसा बसला. आम्ही म्हटलं सर्दी. मग म्हटलं धूळ, दुकानात जुन्या यंत्रांची असते ती. गुळण्या झाल्या, वाफा झाल्या, तीन महिने गेले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि एका शुक्रवारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून आपली खुर्ची जवळ ओढली. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली की माणसाने काय ते ओळखावं.

"स्वरयंत्र काढावं लागेल," ते म्हणाले. "वेळेत आलात. जीवाला धोका राहणार नाही. पण आवाज जाईल."

"पूर्ण?" ह्यांनी विचारलं.

"पूर्ण."

बाराव्या दिवशी, बुधवारी सकाळी दाखल व्हायचं ठरलं, गुरुवारी ऑपरेशन. मी डॉक्टरांना नमस्कार केला, खोलीबाहेर आले आणि पाण्याच्या यंत्राजवळ उभी राहून ढसाढसा रडले. आधी जीव वाचणार म्हणून रडले, आणि ते रडणं संपायच्या आत आवाजासाठी रडायला लागले. माणूस किती लोभी असतं बघा. पाच मिनिटांपूर्वी मी फक्त जीव मागत होते.

त्याच हॉस्पिटलात वाचा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि सांगितलं की एक प्रोग्रॅम आहे. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी कम्प्युटरसमोर बसून ठराविक वाक्यं वाचायची. कमीत कमी तीनशे. त्या वाक्यांतून प्रोग्रॅम ह्यांचा आवाज तयार करतो. मग पुढे आयुष्यभर हे जे टाइप करतील ते कम्प्युटर ह्यांच्याच आवाजात बोलेल. "अगदी हुबेहूब नाही," बाई म्हणाल्या, "पण घरच्यांना ओळखू येतो."

घरच्यांना म्हणजे मला. आम्हाला मूलबाळ नाही; घरात बोलणारी माणसं दोनच. त्यातलं एक गप्प होणार म्हटल्यावर मी त्या प्रोग्रॅमला बुडत्याने धरावं तसं धरलं. बाईंना विचारलं, दिवसाला किती वाचता येतील? त्यांनी ह्यांच्या घशाचे कागद पाहिले. "तीस. त्याहून जास्त नको. मध्ये मध्ये विश्रांती, आणि एरवी बोलणं जवळपास बंद."

शनिवारी घरच्या कम्प्युटरवर प्रोग्रॅम टाकला आणि तो एका वाक्यावरच अडकला. दुरुस्तीवाल्याच्या घरचं यंत्र कसलं असणार! बारा वर्षांचं, उरलेल्या सुट्या भागांतून जमवलेलं. त्यात चार जीबीचीच रॅम होती, प्रोग्रॅमला आठ हवी होती. ह्यांनी फोनवरून दोन-तीन ठिकाणी जोडीची पट्टी विचारली. ती जात आता बनत नाही, मागवली तर आठवडा लागेल. दुकानात दुसरं यंत्र म्हणावं तर गिऱ्हाइकांची सगळी यंत्रं शुक्रवारीच परत करून हे कुलूप लावून आले होते. राहता राहिला ह्यांचा जुन्या पट्ट्यांचा डबा. त्यात चारची एक निघाली. कंपनी दुसरी, वेग दुसरा.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून हे बसले. पट्टीची सोनेरी कड खोडरबराने घासली, फुंकर मारली, खाचेत बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्हीकडून टक टक झालं. यंत्र चालू केलं. पडद्यावर आठ आले. माझा जीव भांड्यात पडला, आणि हे खिशातून टेस्टचा पेनड्राइव्ह काढायला लागले.

"अहो, चालू झालं ना?"

"झालं." त्यांचा आवाज आधीच कागद फाटल्यासारखा येत होता.

"आठ दाखवतंय ना?"

"दाखवतंय. पण ह्या दोघी जोडीच्या नाहीत. एक दिवस—"

"एक दिवस म्हणजे तीस वाक्यं! रविवार ते मंगळवार किती दिवस होतात, मोजा. दहा. तीस दाहे तीनशे. एक जरी दिवस गेला तरी हिशेब बसत नाही. आणि तुमचा घसा उद्या कसा असेल ते डॉक्टरांना तरी ठाऊक आहे का? जगाला उद्या उद्या करत आलात, निदान स्वतःच्या बाबतीत तरी करू नका. बसा आणि वाचा!"

ह्यांनी पेनड्राइव्हचं टोपण परत लावलं. मग तो टेबलावर ठेवला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी टेस्ट केली नाही, आणि ती माझ्या तोंडापायी.

मग सुरू झालं आमचं वाचन. झोपायची खोली ठरवली, कारण ती रस्त्याच्या बाजूला नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरच्या घंटीची वायर काढलेली. माइकच्या तिन्ही बाजूंना उशा उभ्या केल्या. हे समोर, आणि मी दाराशी पाठ लावून जमिनीवर, कुणी आलंच तर हाताने हाकलायला. लाँड्रीतून रजा घेतली होती. पडद्यावर वाक्य यायचं आणि हे वाचायचे. काय ती वाक्यं! 'निळी छत्री दाराजवळ ठेवा.' 'पुढची गाडी सव्वापाचला सुटेल.' 'तुमच्या काकांनी डोंगरावर घर बांधलं का?' हे अगदी मन लावून वाचायचे, वर्गात उभं केल्यासारखे. दहा वाक्यं झाली की अर्धा तास गप्प बसायचं, कोमट पाणी घ्यायचं, पुन्हा दहा. बाकी दिवसभर आमचं बोलणं खुणांनी. चहा हवा असला की हे पेला दाखवायचे. मी बोलले की ते मान हलवायचे. मला वाटायचं, असू दे. आत्ता साठवू, पुढे आयुष्य पडलंय वापरायला.

रोज संध्याकाळी सगळ्याची कॉपी करून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. हे मला बोटाने दाखवून द्यायचे, मी करायची. सगळी वाक्यं मिळून एकच फाइल, रोज मोठी होत जाणारी. ती पेनड्राइव्हवर टाकताना यंत्र विचारायचं, जुनी पुसून नवी ठेवू का? मी हो म्हणायची. मला काय कळतंय! नवी ती चांगली, एवढंच मला कळायचं.

बुधवारी, चौथ्या दिवशी, एका वाक्याच्या मधोमध पडदा निळा झाला आणि यंत्र आपलं आपणच बंद पडून पुन्हा चालू झालं. ह्यांनी माइक बाजूला सारला आणि टेबलाचा खण उघडला. मी ओळखलं.

"आता काय टेस्ट?"

त्यांनी मान हलवली. त्या नव्या पट्टीच्या बाजूला बोट दाखवलं.

"जुनं यंत्र आहे, पडतं एखाद्या वेळी बंद. एकशे सात वाक्यं झाली आहेत आपली. परत चालू झालं ना? फाइल उघडली ना? मग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. एरवी असतं तर वाद घातला असता त्यांनी. यंत्राच्या बाबतीत ते माझं एक ऐकायचे नाहीत. पण वादाला आवाज लागतो, आणि तो त्यांना वाचवायचा होता, माझ्याच सांगण्यावरून. हे मला त्या क्षणी समजलं होतं. खोटं कशाला बोलू, समजलं होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. ते भांडू शकणार नाहीत हे ओळखून मी जिंकले. त्यांनी खण लावला आणि पुढचं वाक्य वाचलं.

शनिवारपर्यंत घसा पार गेला. एकेक वाक्य तीन-तीनदा वाचावं लागायचं. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या, रडू नव्हे, नुसत्या कळेने. मी दाराशी बसून मनातल्या मनात आकडे म्हणत असायची. दोनशे एक, दोनशे दोन. मला त्यांचं दुखणं दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि तरी मी म्हणत होते, अजून एक.

सोमवारी सकाळी दोनशे चाळीसवर होतो. ह्यांनी यंत्र चालू केलं, प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर एक छोटी चौकट आली. 'फाइल खराब आहे.' ह्यांनी पुन्हा उघडली. पुन्हा तेच. पेनड्राइव्ह लावला. त्यावरचीही तीच फाइल, तशीच खराब. जी रोज संध्याकाळी मी जुनी पुसून ठेवत होते.

आयुष्यभर ह्या माणसाने लोकांच्या हरवलेल्या फाइली काढून दिल्या आहेत. कुणाचे फोटो, कुणाची हिशेबाची पानं. त्या सोमवारी दुपारपर्यंत तो स्वतःचा आवाज शोधत बसला होता. मी मागे उभी. शेवटी काही तुकडे निघाले, ते त्यांनी वाजवले. नुसती खरखर, वाळूवर पत्रा ओढल्यासारखी. त्या खरखरीत एकदाच 'छत्री' एवढं स्पष्ट ऐकू आलं आणि पुन्हा खरखर. मी तोंडात पदर कोंबला.

मग त्यांनी टेस्ट लावली. वीस मिनिटंसुद्धा गेली नसतील, पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. एक, चार, मग पडदा भरून. प्रत्येक ओळ म्हणजे पट्ट्यांनी केलेली एक चूक. वीस मिनिटं! चोवीस तासही लागले नसते हो. रविवारी चहा होईपर्यंत कळलं असतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी तुम्हाला करू दिली नाही. दोनदा. मला बोला काहीतरी. ओरडा माझ्यावर."

ते म्हणाले, "हात माझे होते." एवढंच. आणि यंत्र बंद केलं.

मी वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. दीडशे वाक्यांवर भागेल का? शंभरावर? साठ? बाई बिचाऱ्या शांतपणे सांगत राहिल्या की तीनशेच्या खाली प्रोग्रॅम आवाज बनवतच नाही. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, असंही मी विचारलं. ते विचारताना मला लाज वाटली नाही, इतकी मी कामातून गेले होते. त्यावर बाई एकदम कडक झाल्या. "अजिबात नाही. आठ दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नाही."

मंगळवारी सकाळी दारावर धक्के. घंटीची वायर काढलेलीच होती ना. बघते तर दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला, स्कूटरवर आपला कम्प्युटर बांधून. आदल्या संध्याकाळी मी त्याला फोनवर रडत रडत काय सांगितलं ते मलाच आठवत नव्हतं. "वहिनी, दुकान आज बंद ठेवलंय," तो म्हणाला. "ह्यात सोळाची आहे, जोडीची. उद्यावाल्यांनीच लावून दिली होती, एक दिवस टेस्टवर ठेवून. मी तेव्हा शिव्या घातल्या होत्या त्यांना." त्याने स्वतः वायरी जोडल्या, माइक लावला, आणि कुणाच्या डोळ्यांकडे न बघता निघून गेला.

मी उशा पुन्हा उभ्या केल्या. पंखा बंद केला. "अहो, या. आवाज बनायचा तो न बनो. तीस वाक्यं तर तीस. वीस तर वीस. नुसती ऐकायला तरी राहतील माझ्याजवळ. या ना."

हे दारात उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. नाही.

"का नाही? मी पाया पडते तुमच्या. दहा तरी!"

ते आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि पंखा चालू केला. "आठ दिवस मी भिंतीशी बोललो," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला थांबत होते. "निळी छत्री दाराजवळ ठेवा. आपल्याकडे निळी छत्री तरी आहे का?"

मला हसूही आलं आणि रडूही.

"आजचा दिवस आहे घशात. तो मला तुझ्याशी बोलायचाय."

"मग बोला. मी फोन चालू करते, नुसता बाजूला ठेवते—"

"नको. काही चालू करू नकोस. यंत्र चालू असलं की मी वाचल्यासारखं बोलतो. तूही ऐकल्यासारखं करतेस."

मी फोन हातात घेतलेला होता. बोट त्या लाल गोळ्यावर होतं. दाबला असता तर त्यांना कळलंही नसतं, ते खिडकीकडे बघत होते. दोनदा मी त्यांचं ऐकलं नव्हतं, त्याचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवून आले.

दुपारभर बोलले ते. सलग नव्हे, दोन वाक्यं, मग पाणी, मग डोळे मिटून पडणं, मग पुन्हा दोन वाक्यं. काही फार मोठं बोलले असंही नाही. गॅसची नळी बदलायला झाली आहे. दुकानाच्या कुलपाची दुसरी किल्ली झेरॉक्सवाल्याकडे आहे. माझा चहा सत्तावीस वर्षं पाणचट आहे आणि हे आता सांगून ठेवतो, कारण नंतर लिहून सांगितलं तर मी कागद फाडून टाकेन. लाँड्रीत माझ्या काउंटरला पहिल्यांदा आले तेव्हा आणलेला शर्ट मळलेला नव्हताच, रस्त्यात हातानेच चिखल लावला होता. "आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, हा डाग मुद्दाम पाडलेला दिसतोय."

"म्हटलं होतं मी असं?"

"म्हणालीस. चार माणसं हसली."

मग डोळे मिटले त्यांनी. मला वाटलं झोप लागली. तर डोळे न उघडता म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस, मी एक दिवस का ठेवतो."

"सांगा."

दुकान उघडलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका विद्यार्थ्याने कम्प्युटर आणला होता. ह्यांनी दुसरी पट्टी बसवली, वेगळ्या कंपनीची, आणि संध्याकाळी दिला. तेव्हा हेही वेळेचे पक्के होते म्हणे, अगदी माझ्यासारखे. दोन महिन्यांनी तो मुलगा परत आला. त्याचं वर्षाचं लिखाण होतं त्यात, सगळं सडलं होतं. ह्यांना वाटलं आता आरडाओरडा करेल, चार लोक जमवेल. तो दुकानातल्या स्टुलावर बसला आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. काही बोलला नाही. मग उठून गेला.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," हे म्हणाले.

"मग तुम्ही मला का ओरडला नाहीत काल?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "त्या मुलासारखंच केलंत ना तुम्ही पण? ओरडा की! आज आहे घसा, उद्या कुठून आणाल? मला तेवढं तरी द्या!"

ते उठून बसले. माझ्याकडे तोंड करून त्यांनी खरंच ओरडायचा प्रयत्न केला. "काय बाई आहेस तू," एवढं निघालं, तेही फाटकं, आणि मग खोकला आला, आणि खोकता खोकता ते हसायला लागले, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्यानंतरही ते थोडं बोलले. संध्याकाळी आवाज उमटेनासा झाला. बुधवारी हॉस्पिटलात नर्सने नाव विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर लिहून दिलं.

आता वर्ष होत आलं. जीव वाचला. गळ्याला भोक आहे, त्यावर जाळी असते, ती मी रोज सकाळी बदलते. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून भुंगा बोलल्यासारखा आवाज येतो. पंधरा दिवस त्यांनी ते वापरलं आणि एकदा माझं तोंड पाहिलं असेल, तेव्हापासून कपाटात ठेवलंय. दुकानात बसतात पूर्वीसारखे. माझ्याशी वहीत बोलतात.

लोक विचारतात, जुने व्हिडिओ नाहीत का? आहेत की. पण प्रत्येक व्हिडिओ ह्यांनीच काढलेला. सगळे नातेवाईक आहेत त्यात, मी आहे, हे कुठेच नाहीत. भाच्याच्या लग्नातल्या एका व्हिडिओत तेवढं 'जरा बाजूला व्हा' असं आहे. दोन सेकंद. ते मी इतक्या वेळा लावलं की आता ते कुणीही बाजूला व्हा म्हणावं तसं वाटतं.

सुरुवातीचे काही महिने मला त्याची गरजच पडली नाही. हे वहीत लिहायचे आणि मला ऐकू यायचं. खरंच सांगते. 'मीठ कमी आहे' असं लिहिलेलं असायचं आणि तो शेवटचा 'आहे' जरासा वर चढायचा, प्रत्येक वाक्य विचारल्यासारखं म्हणायची सवय होती त्यांना. मी वही मिटून मनात म्हणायची, घ्या, आपल्याकडे आहे की आवाज. यंत्र गेलं खड्ड्यात.

परवा मी भाजी चिरत होते. हे आले, वही पुढे धरली. 'आज गप्प का आहेस?' मी वाचलं आणि सुरी तशीच हातात राहिली. पुन्हा वाचलं. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला. डोळे मिटून मनाशी म्हणून पाहिलं. आतून वाचणारा आवाज माझा होता. नुसता माझा.

त्यांनी वहीवरच्या त्या ओळीवर बोट आपटून पुन्हा विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.